क्रिप्टोचे व्यवहार खासगी ठेवायचे तर आधी कप्पे, मग पैसे

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं रिटर्न भरायचं छोटं ऑफिस आहे. जुलै लागला की दिवसाला दोन-तीन जण तरी क्रिप्टोचे कागद घेऊन येतात. गेल्या वर्षी उद्यमनगरात जॉबवर्क करणारा एक तिशीतला गडी आला. खुर्चीत बसताबसताच म्हणाला, "वॉलेटमधलं दाखवायलाच पायजे काय दादा? त्यात नाव कुठं असतंय? कुणाला कळतंय?"

मी एवढंच विचारलं, शेवटचे पैसे कुणाकडून घेतलेस? भिशीतल्या एका मित्रानं यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेली क्रिप्टो नाणी) पाठवले होते, आणि ह्यानं आपला पत्ता भिशीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच टाकला होता. 'टी'नं सुरू होणारा तो पत्ता मी ट्रॉनस्कॅनवर, म्हणजे ट्रॉन नेटवर्कचे व्यवहार कुणालाही दाखवणाऱ्या साइटवर, चिकटवला. चहा येईपर्यंत शिल्लक, पहिले पैसे कुठल्या एक्स्चेंजवरून (क्रिप्टो घ्यायच्या-विकायच्या बाजारावरून) कधी आले, दर महिन्याला एकाच ठिकाणी जाणारी ठरावीक रक्कम, दिवाळीच्या आठवड्यात काढलेला मोठा आकडा, सगळं वाचून दाखवलं. कप बशीत ठेवून तो म्हणाला, "म्हणजे भिशीतल्या बारा जणांनाबी हे दिसतंय?" दिसतं. बघायचं सुचायला हवं फक्त.

खरी गंमत पुढं झाली. त्यानं घरी जाऊन नवीन वॉलेट काढलं आणि जुन्यातली सगळी रक्कम एका दणक्यात नव्यात पाठवली. त्या एका व्यवहारानं दोन्ही वॉलेटं कायमची जोडली गेली. आता जुना पत्ता माहीत असलेल्या प्रत्येकाला नवाही माहीत झाला.

माझ्याकडं येणाऱ्यांतले बरेच जण इथंच फसतात. अ‍ॅप चांगलं निवडतात, पासवर्ड भक्कम ठेवतात, पण कामाचा क्रम चुकतो. म्हणून खालचे टप्पे ज्या क्रमानं दिलेत त्याच क्रमानं करा. चौथा टप्पा दुसऱ्याच्या आधी केलात तर दुसऱ्याचा उपयोग उरत नाही.

### सुरू करण्याआधी : कुणापासून लपवायचं?

एक कागद घ्या आणि लिहून काढा की तुमचे व्यवहार कुणाला दिसू नयेत. नातेवाईक, भिशीवाले, भागीदार, गिऱ्हाईक, चोर, जाहिरात कंपन्या; जे असतील ते. प्रत्येकासाठी उपाय वेगळा असतो. भिशीवाल्यांपासून लपवायला वेगळा पत्ता पुरतो. चोरापासून वाचायला घरपत्ता आणि फोन नंबर सांभाळावा लागतो.

या यादीत आयकर खातं लिहिलं असेल तर खोडा. ७ मार्च २०२३च्या अधिसूचनेनं क्रिप्टो एक्स्चेंज मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आली. पॅन, आधार, सेल्फी सगळं त्यांच्याकडं असतं. विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो आणि तो तुमच्या एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या तुमच्या वार्षिक माहितीपत्रकात, उमटतो. नफ्यावर ३० टक्के कर, वर सेस, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. हा नियम कडू आहे, मलाही पटत नाही, पण आहे. हा लेख शेजाऱ्यापासून खासगी राहण्याचा आहे, सरकारपासून पळायचा नाही. दोन्हींची गल्लत केली की माणूस नको त्या मिक्सरच्या (नाणी घुसळून त्यांचा माग पुसणाऱ्या सेवेच्या) नादी लागतो. त्यावर शेवटाकडं बोलू.

### टप्पा १ : फोन, ईमेल, नंबर

वॉलेट उघडायच्या आधी हे करायचं, कारण वॉलेट उघडताक्षणी फोन सगळं नोंदवायला लागतो.

एक्स्चेंजसाठी वेगळा ईमेल काढा. त्यात तुमचं नाव, गाव, जन्मसाल काही नको. दुसरी पायरी ओटीपीऐवजी ऑथेंटिकेटर अ‍ॅपवर टाका. सिम दुसऱ्याच्या नावानं काढून घेतलं गेलं की एसएमएसचा ओटीपी चोराच्या फोनवर जातो. एक्स्चेंजनं एसएमएस सक्तीचा ठेवला असेल तर निदान तो नंबर दुकानाच्या पाटीवर आणि लग्नपत्रिकेवर छापलेला नसावा.

गॅलरीचा क्लाउड बॅकअप तपासा. क्लिपबोर्ड आठवणीत ठेवणारा कीबोर्ड असेल तर ते बंद करा. फेब्रुवारी २०२५मध्ये कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीनं स्पार्ककॅट नावाचं मालवेअर उघड केलं. ते गॅलरीतले फोटो वाचून वॉलेटचे शब्द (म्हणजे 'सीड', ज्यावरून वॉलेट कुठंही परत उघडता येतं) शोधायचं, आणि ज्या अ‍ॅपांत ते सापडलं त्यांतली काही प्ले स्टोअर आणि अ‍ॅप स्टोअरवरचीच होती.

तपासा : फोनच्या गॅलरीत 'वॉलेट' आणि 'सीड' हे शब्द शोधून बघा. काही निघालं तर ते वॉलेट उघडं पडलं असं समजा. फोटो पुसून भागत नाही. त्यातले पैसे नव्या शब्दांच्या वॉलेटमध्ये हलवायचे, पण कसे ते चौथा आणि सहावा टप्पा वाचूनच.

### टप्पा २ : कप्पे पाडा

पूर्ण लेखात एकच टप्पा नीट करणार असाल तर हा करा.

आजीच्या संदुकीत जसे कप्पे असायचे तसे कमीत कमी तीन कप्पे लागतात.

पहिला, चव्हाट्याचा कप्पा. याचा पत्ता लोकांना द्यायचा. मित्राकडून पैसे घ्यायला, गिऱ्हाइकाला द्यायला. यात महिन्याच्या खर्चापलीकडं काही ठेवायचं नाही. पाकिटात पाचशे-हजार असतात तसं.

दुसरा, ठेवीचा कप्पा. याचा पत्ता जिवंत माणसाला कळता कामा नये. एक्स्चेंजला कळेल, कारण तिथूनच पैसे येणार. बाकी कुणाला नाही.

तिसरा, खेळायचा कप्पा. नवीन टोकन, एअरड्रॉप (फुकट वाटलेली नाणी), कुठल्या तरी साइटला 'कनेक्ट वॉलेट' करणं, हे सगळं इथून. हा बुडाला तरी झोप लागली पाहिजे.

प्रत्येक कप्प्याचे बारा किंवा चोवीस शब्द वेगळे असावेत. "एकाच अ‍ॅपमध्ये अकाउंट १, अकाउंट २ केलं की झालं ना?" असं हमखास विचारतात. साखळीवर (ब्लॉकचेनच्या जाहीर नोंदवहीत) ती दोन खाती वेगळीच दिसतात, ते खरं. पण अ‍ॅप दोन्हींची शिल्लक एकाच सर्व्हरला, एकाच इंटरनेट जोडणीवरून, एकाच क्षणी विचारतं. त्या सर्व्हरला दोन्ही खाती एकाच माणसाची हे लगेच कळतं. मेटामास्क हे वॉलेट आपोआप इन्फुरा नावाच्या सेवेला जोडलं जातं. इंटरनेटचा आयपी आणि वॉलेटचा पत्ता या सेवेकडं नोंदला जातो हे कंपनीनं २०२२च्या नोव्हेंबरात स्वतःच सांगितलं होतं. म्हणून ठेवीचा कप्पा वेगळ्या अ‍ॅपात, जमलं तर वेगळ्या उपकरणात.

इशारा : बिटकॉइन वॉलेटात 'एक्सपब' नावाची लांबलचक ओळ असते. तिनं पैसे काढता येत नाहीत, म्हणून लोक बिनधास्त देतात. पण तिच्यातून तुमचे झालेले आणि पुढं होणारे सगळे पत्ते काढता येतात. करहिशोबाची काही सॉफ्टवेअरं ती मागतात. ठेवीच्या कप्प्याची एक्सपब कुणालाही देऊ नका, मला म्हणजे तुमच्या सल्लागारालासुद्धा नको. व्यवहारांची यादी द्या, काम भागतं.

### टप्पा ३ : शब्द कुठं ठेवायचे

ठेवीच्या कप्प्यासाठी हार्डवेअर वॉलेट (चाव्या इंटरनेटबाहेर ठेवणारं छोटं उपकरण) घेणार असाल तर बनवणाऱ्याच्या साइटवरून किंवा अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या, आणि पार्सल घरच्या पत्त्यावर मागवू नका. २०२०मध्ये लेजर कंपनीच्या ग्राहकांची यादी फुटली. २ लाख ७० हजारांहून जास्त लोकांची नावं, घरचे पत्ते, फोन नंबर उघड्यावर आले. उपकरण सुरक्षितच होतं. पण कुणाच्या घरी ते आहे याची यादी चोरांना घरबसल्या मिळाली. पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर, वेगळ्या ईमेलवर मागवा.

खोक्यात शब्द आधीच छापलेलं कार्ड निघालं तर उपकरण परत करा. शब्द उपकरणानं तुमच्या डोळ्यांसमोर तयार करायचे असतात.

आता ते शब्द लिहायचे कशावर? कागद ठीक आहे, पण आपण कोल्हापुरात राहतो. २०१९ आणि २०२१ला पंचगंगेचं पाणी कुठवर आलं होतं ते आठवा. तळमजल्यावरच्या कपाटातल्या वहीची पुरात काय अवस्था होते ते मी सांगायला नको. स्टीलच्या पट्टीवर ठोकून घेणं उत्तम. पण पट्टी उद्यमनगरात खोदायला द्यायची नाही! खोदणाऱ्यानं शब्द वाचले की वॉलेट त्याचंही झालं. हार्डवेअरच्या दुकानात इंग्रजी अक्षरांचे पंच मिळतात. ते आणा आणि हातोडीनं घरीच ठोका. पूर्ण शब्दही ठोकायला नको. ठरलेल्या २,०४८ शब्दांच्या यादीत प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांनी वेगळा ओळखू येतो, तेव्हा चार-चार अक्षरं पुरतात. माझी पहिली पट्टी वाकडी झाली, आणि एका ठिकाणी 'एम' उलटा बसून 'डब्ल्यू' दिसायला लागला. दुसरी करावी लागली.

दोन प्रती करा. एक घरी आणि एक दुसऱ्या गावी, पुराच्या रेषेच्या वर.

क्लाउडवर 'एन्क्रिप्ट करून' ठेवायचा मोह होतो. २०१६मध्ये बिटफिनेक्स या एक्स्चेंजमधून सुमारे १ लाख २० हजार बिटकॉइन चोरीला गेले होते. २०२२मध्ये अमेरिकी तपासयंत्रणेनं त्यातले ९४ हजारांवर जप्त केले, कारण त्यांच्या चाव्या क्लाउडवरच्या एका एन्क्रिप्ट केलेल्या फाइलमध्ये होत्या आणि ती फाइल उघडली गेली. पोलिस फाइल उघडू शकतात तर चोरही उघडू शकतो.

तपासा : मोठी रक्कम टाकायच्या आधी शे-दोनशे रुपयांचं नाणं टाका, वॉलेट पूर्ण पुसा आणि पट्टीवरून परत आणा. शिल्लक दिसली तरच पुढच्या टप्प्यावर या. हे अर्ध्या तासाचं काम लोक टाळतात आणि मग वर्षभरानं रडत येतात.

### टप्पा ४ : एक्स्चेंजवरून पैसे कप्प्यांत नेणं

प्रत्येक कप्प्यात पैसे थेट एक्स्चेंजवरून पाठवा. ठेवीतून चव्हाट्यावर, चव्हाट्यावरून खेळात असं आपापसांत फिरवू नका. आपापसांतला प्रत्येक व्यवहार म्हणजे कप्प्यांमधली भिंत फोडणं. एक्स्चेंजला तिन्ही कप्पे तुमचे हे कळेल. भिशीवाल्याला कळणार नाही. आपल्या कागदावर कुणाचं नाव होतं ते आठवा.

एक्स्चेंज पैसे बाहेर पाठवताना विचारतं की हे वॉलेट कुणाचं. त्याला ट्रॅव्हल रूल म्हणतात. खरं उत्तर द्या. खोटं लिहून काही मिळत नाही, उलट पुढं चौकशी झालीच तर खोटं बोलल्याचा डाग लागतो.

आता इंधनाचा सापळा. यात मी स्वतः पडलोय, म्हणून जरा थांबून सांगतो. इथेरियमवर कुठलंही टोकन हलवायला फी इथरमध्ये लागते, ट्रॉनवर यूएसडीटी हलवायला सहसा टीआरएक्स लागतात. मी मोठ्या कौतुकानं नवीन वॉलेट काढलं, एक्स्चेंजवरून यूएसडीटी त्यात आणले. पाठवायला गेलो तर अ‍ॅप म्हणालं टीआरएक्स नाहीत. रात्रीचे साडेअकरा, झोप आलेली. जुन्या वॉलेटमध्ये थोडे टीआरएक्स होते, ते दिले पाठवून. बस. पाव डॉलरच्या इंधनासाठी दोन्ही वॉलेटं जोडली गेली. नव्या पत्त्याला पहिलं इंधन कुणी दिलं हे साखळी तपासणारा माणूस सगळ्यात आधी बघतो.

म्हणून नव्या पत्त्यावर टोकन पाठवायच्या आधी तिथलं इंधनही एक्स्चेंजवरूनच पाठवा. मित्राकडं मागू नका. मित्राचा पत्ताही तुमच्याशी जोडला जातो.

नेटवर्क नीट बघा. 'टी'चा पत्ता ट्रॉनचा, शून्य आणि एक्सनं सुरू होणारा इथेरियम कुळातला. आधी थोडी रक्कम, ती पोचली की बाकीची.

पी२पीबद्दल (एका माणसानं दुसऱ्याला थेट विकणं) : केवायसीच्या पुढं एक पाऊल राहायचं म्हणून काही जण अनोळखी माणसाला यूएसडीटी विकून यूपीआयवर रुपये घेतात. त्या माणसाचे रुपये कुणाच्या तरी सायबर फसवणुकीतून आलेले निघतात. फसलेला माणूस १९३०वर तक्रार करतो आणि परराज्यातल्या पोलिसांच्या पत्रावर तुमचं खातं गोठतं. सोडवायला महिने जातात, आणि तेवढ्या काळात तुमची ओळख, स्टेटमेंट, वॉलेट सगळं टेबलावर पसरतं. खासगीपणा हवा म्हणून केलेली गोष्ट खासगीपणाच घालवते. करायचंच असेल तर एक्स्चेंजच्या आतल्या पी२पीवर करा, देणाऱ्याचं बँकेतलं नाव केवायसीच्या नावाशी जुळलं तरच घ्या, आणि ज्या खात्यातून घराचा हप्ता जातो ते खातं वापरू नका. ओळखीच्या माणसाकडून थेट विकत घेतलंत तर वर्षाच्या ठरलेल्या मर्यादेपुढं १ टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्यावर येते, हेही लक्षात असू द्या.

### टप्पा ५ : पैसे घेताना

बिटकॉइनमध्ये दर वेळी नवीन पत्ता द्या. वॉलेट आपणहून देतं, फक्त जुना मेसेज पुन्हा फॉरवर्ड करायचा आळस सोडा. जुने पत्तेही चालू राहतात, पैसे बुडत नाहीत.

इथेरियम आणि ट्रॉनवर एका खात्याचा पत्ता एकच. तिथं गिऱ्हाईक बदललं की खातं बदलणं हाच मार्ग. परदेशी गिऱ्हाइकाकडून कामाचे पैसे क्रिप्टोत घेणार असाल तर तो फेमाचा, म्हणजे परकीय चलन कायद्याचा, वेगळा विषय आहे, आधी सीएला विचारा.

पत्ता ग्रुपवर टाकू नका, ज्याचा त्याला द्या. इन्स्टाग्रामच्या बायोत पत्ता किंवा 'डॉट ईथ' नाव (इथेरियमच्या लांब पत्त्याऐवजी चालणारं सोपं नाव) लिहिणं म्हणजे पासबुक गळ्यात अडकवून महाद्वार रोडवरून फिरणं.

न मागता चिमूटभर रक्कम आली तर तिला हात लावू नका. बिटकॉइनमध्ये अशी धूळ मुद्दाम टाकतात. पुढच्या खर्चात ती तुमच्या इतर नाण्यांबरोबर मिसळली की कुठले पत्ते तुमचे ते टाकणाऱ्याला कळतं. वॉलेटात त्या नाण्यावर 'गोठवा' असा पर्याय असतो, तो दाबा. इथेरियम आणि ट्रॉनवरची खोडी वेगळी. तुम्ही नेहमी ज्याला पैसे पाठवता त्याच्यासारखाच, पुढची-मागची अक्षरं जुळणारा पत्ता बनवतात आणि तुमच्या इतिहासात शून्य किंवा किरकोळ रकमेची नोंद पाडून ठेवतात. तुम्ही घाईत इतिहासातून पत्ता कॉपी करता आणि पैसे चोराला जातात. मे २०२४मध्ये एकानं असे १,१५५ रॅप्ड बिटकॉइन (इथेरियमवर चालणारं बिटकॉइनचं रूप) घालवले होते, जवळपास ७ कोटी डॉलरचे. पत्ता इतिहासातून कधीही घ्यायचा नाही, आणि तपासताना मधली अक्षरंही वाचायची.

### टप्पा ६ : पैसे पाठवताना

बिटकॉइन वॉलेटात दिसणारी शिल्लक म्हणजे एक आकडा नसतो. आत वेगवेगळ्या वेळी आलेली सुटी नाणी असतात, खिशातल्या नोटांसारखी. मिसळीचे शंभर द्यायला पाचशेची नोट काढली की गल्ल्यावरच्याला पाचशेची नोट दिसते, आणि चारशे सुटे परत येतात. बिटकॉइनमध्ये ते सुटे तुमच्याच एका नव्या पत्त्यावर परत येतात, आणि हे सगळं जगासमोर.

समजा तुमच्याकडं तीन नाणी आहेत. ०.००४ एक्स्चेंजवरून आलेलं, ०.००१ ट्रेकच्या वर्गणीचं मित्रानं दिलेलं, आणि ०.०२ जुना कॅमेरा विकून आलेलं. तुम्हाला वेबसाइटच्या सर्व्हरचे ०.००३ द्यायचेत. वॉलेटवर सोडलंत तर ते ०.०२चं नाणं मोडू शकतं, आणि मग सर्व्हरवाल्याला कळेल की गिऱ्हाइकाकडं याहून बरंच जास्त आहे. द्यायचे ०.००४५ असतील तर ते ०.००४ आणि ०.००१ एकत्र टाकू शकतं. एका व्यवहारात एकत्र आलेली नाणी एकाच मालकाची, हे साखळी तपासणाऱ्यांचं पहिलं गृहीतक. म्हणजे तुमचा ट्रेकचा मित्र आता तुमच्या एक्स्चेंजच्या नाण्यापर्यंत पोचला.

उपाय म्हणजे नाणी हातानं निवडणं. स्पॅरो, इलेक्ट्रम, ब्लूवॉलेट या वॉलेटांत ही सोय आहे. पैसे येतील त्याच क्षणी नाण्याला चिठ्ठी लावा: 'एक्स्चेंज, मार्च', 'ट्रेक'. महिन्यानं काही आठवत नाही. वरच्या उदाहरणात ०.००३ द्यायला ०.००४चं नाणं निवडा; सुटे थोडेच उरतात आणि इतर नाण्यांना धक्का लागत नाही. उरलेल्या सुट्यांनाही चिठ्ठी लावा, कारण ते सर्व्हरवाल्याला माहीत असलेले सुटे आहेत. ते पुढं ट्रेकच्या नाण्याबरोबर खर्चलेत तर केलेलं सगळं पाण्यात.

"फी स्वस्त आहे, सगळी नाणी एकत्र करून ठेवा" असा सल्ला फिरत असतो. फीच्या दृष्टीनं बरोबर, खासगीपणाच्या दृष्टीनं आत्मघात. एकत्र करायचीच तर एकाच ठिकाणाहून आलेली करा.

तपासा : 'पाठवा' दाबण्याआधी व्यवहाराचं चित्र बघा. डाव्या बाजूला एकापेक्षा जास्त नाणी आहेत का? असतील तर ती एकत्र आलेली चालणार आहेत का?

### टप्पा ७ : इंटरनेटची बाजू

हा टप्पा सगळ्यांना लागत नाही. कागदावर फक्त भिशीवाले असतील तर पुढं चला.

वॉलेट शिल्लक विचारायला कुणाच्या तरी सर्व्हरकडं जातं, त्या सर्व्हरला तुमचे पत्ते आणि आयपी दोन्ही मिळतात. स्पॅरोमध्ये टॉरची (तुमचा आयपी झाकणाऱ्या जाळ्याची) सोय आतच आहे, ती लावा. त्याहून बरं म्हणजे स्वतःचा नोड, म्हणजे साखळीची पूर्ण प्रत ठेवणारा आपलाच संगणक. बिटकॉइनची पूर्ण साखळी ६०० जीबीच्या वर गेलीय, तेव्हा एक टीबीची एसएसडी आणि न थकणारं ब्रॉडबँड लागतं. गोकुळ शिरगावात एकानं जुन्या लॅपटॉपवर चालवलाय, मजेत चालतो.

एक चूक मात्र सगळे करतात: स्वतःचे पत्ते एकामागून एक ट्रॉनस्कॅनसारख्या सार्वजनिक एक्स्प्लोररवर टाकून बघणं. कप्पे पाडायला महिना घालवायचा आणि तिन्ही पत्ते एकाच ब्राउझरमधून पाच मिनिटांत एकाच साइटला सांगायचे! उद्यमनगरच्या गड्याचा पत्ता मी माझ्या ऑफिसातून शोधला तेव्हा तोही त्या साइटकडं माझ्या आयपीबरोबर नोंदला गेलाच असणार. चहाच्या भरात झालं.

### मिक्सर आणि मोनेरो

मिक्सरबद्दल माझं मत एका शब्दात: नको. टोर्नेडो कॅश या मिक्सरवर अमेरिकेनं ऑगस्ट २०२२मध्ये निर्बंध लावले, मार्च २०२५मध्ये उठवले. मिक्सरची सोय असलेलं समुराई वॉलेट बनवणाऱ्यांना एप्रिल २०२४मध्ये अटक झाली. पण तुमचा प्रश्न अमेरिकेचा नाही. मिक्सरमधून आलेली रक्कम एक्स्चेंजवर जमा केली की खातं थांबू शकतं आणि पैशाचा उगम विचारला जाऊ शकतो, आणि उगम पुसणं हेच तर मिक्सरचं काम. सरळ मार्गानं मिळवलेले पैसे संशयाचे करून घ्यायचे कशाला?

मोनेरो या नाण्याचं तंत्र खरंच चांगलं आहे. रक्कम आणि पत्ते आपोआप झाकले जातात. पण बायनान्स या मोठ्या एक्स्चेंजनं ते फेब्रुवारी २०२४मध्ये काढून टाकलं, आणि आपल्याकडं रुपयात परत येणं अवघड होतं. ठेवलं असेल तर त्याची 'व्ह्यू की' जपा. कधी दाखवायची वेळ आली तर आलेले पैसे तिनं दाखवता येतात.

### टप्पा ८ : वही

खासगी राहायचं म्हणून लोक नोंदीच ठेवत नाहीत. मग जुलैत माझ्यासमोर बसून ठेवीच्या कप्प्यात गेलेली स्वतःचीच रक्कम विक्री वाटू नये म्हणून धडपडतात. स्वतःच्या एका वॉलेटातून दुसऱ्यात पाठवणं ही विक्री नाही, पण दोन्ही वॉलेटं तुमची होती हे दाखवता आलं पाहिजे.

प्रत्येक व्यवहाराला एक ओळ: तारीख, कुठून कुठं, किती नाणं, त्या दिवशीचा रुपयातला भाव, फी, व्यवहाराचा क्रमांक, कारण. रिटर्नमध्ये व्हीडीएचं (क्रिप्टोसारख्या आभासी डिजिटल मालमत्तेचं) वेगळं परिशिष्ट असतं, त्यात घेतल्याची तारीख, विकल्याची तारीख, खर्च, मोबदला असं विचारतात. ही वही असेल तर ते तासाभराचं काम आहे. एक्स्चेंजच्या फाइली दर तिमाहीला उतरवून घ्या. एक्स्चेंज बंद पडतं, हॅक होतं, खातं थांबतं. तेव्हा उतरवायला गेलात तर उशीर झालेला असतो.

पण ही वही म्हणजे तुमच्या सगळ्या कप्प्यांचा नकाशा आहे. ती गूगल शीटवर किंवा सल्लागाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर नको. व्हेराक्रिप्ट या फाइल कुलूपबंद करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या बंद फाइलमध्ये ठेवा, आणि आमच्यासारख्याला द्यायची तर पेन ड्राइव्हवर, फक्त त्या वर्षाची, फक्त विक्रीला लागणाऱ्या ओळी. काम झालं की ड्राइव्ह परत मागा. मागायला लाजू नका.

### आधीच मिसळून बसलाय?

उद्यमनगरच्या गड्यासारखं झालं असेल तर झालेलं पुसता येत नाही. ती नोंद तिथंच राहणार. पुढची चूक मात्र टाळता येते.

उघडा पडलेला पत्ता बंद करू नका, त्यालाच चव्हाट्याचा कप्पा बनवा. त्यात थोडे पैसे राहू द्या. वापरात असलेला, किरकोळ शिल्लक असलेला पत्ता बघून लोक कंटाळतात आणि बघायचे थांबतात. मोठी रक्कम आपल्याच नव्या वॉलेटात सरळ नेऊ नका. ती आपल्या केवायसी झालेल्या एक्स्चेंजवर जमा करा, आणि तिथून काही दिवसांनी, वेगळ्या रकमांत, नव्या ठेवीच्या कप्प्यात काढा. बाहेरून बघणाऱ्याला रक्कम एक्स्चेंजमध्ये शिरलेली दिसते, पुढचं दिसत नाही. एक्स्चेंजला सगळं दिसतं आणि वहीतही सगळं असतं. स्वतःचीच नाणी ठेवून काढल्यानं विक्री होत नाही, फक्त मध्ये दुसऱ्या नाण्यात बदलू नका. बदललंत की ती विक्री धरली जाते आणि टीडीएस कापला जातो.

उद्यमनगरच्या गड्यानं शेवटी हेच केलं. जुन्या पत्त्यावर चाळीस डॉलर सोडलेत. परवा भिशीत कुणी तरी त्याला विचारलं म्हणे, "काय रं, सगळं काढलंस काय?" त्यानं सांगितलं, लेथ मशीन घेतली.